विहिरीत सोडलेला कंदील आणि फिल्मवर छापलेला हीटर

माहूर (खास प्रतिनिधी) : उन्हाळा लागला की किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात विहिरींची कामे निघतात. नवी विहीर असेल तर यारी लावून सुरुंगाने फोडलेला दगड वर ओढला जातो. जुनी असेल तर गाळ काढण्यासाठी तळाशी उरलेले पाणी आधी उपसावे लागते आणि त्यासाठी कित्येकदा डिझेलचे इंजिनच आत सोडले जाते. मजूर उतरण्यापूर्वी जाणती माणसे दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर उतरायचे नाही, हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला संकेत आहे. तो चुकीचा नाही; अपुरा मात्र आहे. कंदील केवळ प्राणवायूची कमतरता दाखवतो. इंजिनाच्या धुरातला किंवा सुरुंगानंतर तळाशी रेंगाळलेला कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेण्याइतका साठला, तरी कंदिलाची ज्योत तेवत राहते. शौचालयाच्या टाकीत अथवा शेणाच्या खड्ड्यात मिथेन साचलेला असेल तर ती ज्योतच स्फोटाला कारण ठरू शकते.

या अपुरेपणाची किंमत मराठवाड्याने आणि शेजारच्या जिल्ह्यांनी मोजलेली आहे. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा येथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच जण गुदमरून मरण पावले. एप्रिल २०२४ मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासा तालुक्यातील वाकडी येथे, शेणाची स्लरी साठवण्यासाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवण्यासाठी एक जण उतरला. त्याच्या पाठोपाठ उतरलेल्यांसह पाच जणांचा बळी गेला. अशा घटनांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिला कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दोघांसाठी. वर उभ्या असलेल्यांना खाली काय आहे हे सांगणारे साधन त्या क्षणी हाताशी नसते.

वस्तुतः धोकादायक वायू ओळखणारे संवेदक आज दुर्मिळ राहिलेले नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘एमक्यू’ मालिकेतील संवेदक शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपल्या प्रकल्पांत तो सर्रास वापरतात. असे असताना वायूची सूचना देणारे यंत्र मजुराच्या शिरस्त्राणावर, दोरीच्या टोकाला किंवा टाकीच्या झाकणाखाली कायमचे का बसत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एका अनपेक्षित ठिकाणी यावे लागते. अडचण वायू ओळखण्यात फारशी नाही. ती उष्णतेत आहे.

संवेदकाला लागते धग

स्वस्त वायुसंवेदकाचा जन्म जपानमधला. घरगुती गॅसच्या स्फोटांनी अस्वस्थ झालेल्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडवर आधारित संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांची फिगारो ही कंपनी उभी राहिली. या संवेदकाचे तत्त्व सुबोध आहे. तापलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला प्राणवायू चिकटून बसतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. त्यामुळे विजेला होणारा रोध वाढतो. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड किंवा स्वयंपाकाचा गॅस तिथे पोहोचला की या प्राणवायूशी त्याची प्रक्रिया होते, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. हा उतार मोजला की वायूचे प्रमाण समजते.

मात्र हे सारे घडण्यासाठी टिन ऑक्साइड सुमारे २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे लागते. थंड पृष्ठभागावर प्रक्रिया मंदावते, शिवाय हवेतला दमटपणा त्यावर बसून सारे वाचन बिघडवतो. म्हणून प्रत्येक संवेदकाच्या पोटात एक चिमुकला हीटर असतो आणि विजेचा बहुतेक खर्च याच हीटरपायी होतो. चिनी मातीच्या नळीत बसवलेल्या ‘एमक्यू’ प्रकारच्या संवेदकाचा हीटर पाच व्होल्टवर सुमारे ८०० मिलिवॅट घेतो. मोबाइलच्या बॅटरीइतकी, म्हणजे ३,००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी त्याला जोडली, तर इतर कोणताही खर्च न धरता ती जेमतेम चौदा तासांत रिकामी होते.

काम असेल तेवढाच वेळ यंत्र चालू केले तर चौदा तास पुरेसे आहेत, असा युक्तिवाद यावर करता येईल. कागदावर तो बरोबर आहे. प्रत्यक्षात बंद पडून राहिलेला संवेदक चालू केल्याबरोबर विश्वासार्ह आकडा देत नाही. ‘एमक्यू’ संवेदकांचे उत्पादक पहिल्या वापरापूर्वी चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ तो तापवत ठेवण्याची सूचना देतात. आणि वाकडीच्या घटनेसारखी वेळ सांगून येत नाही. मांजर पडल्यावर कोणी आधी यंत्र तापवायला ठेवत नाही. साधन उपयोगाचे व्हायचे तर ते महिनोन्‌महिने जागे राहिले पाहिजे. शिवारात वीज पाळीने येते, अनेकदा रात्री येते. तिथे रोज चार्जिंगला लावावे लागणारे यंत्र आठवड्याभरात खुंटीला टांगले जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

तव्याची दांडी

हीटर कमी विजेत चालवायचा तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. तापवायचा ठिपका लहान करायचा आणि त्याची उष्णता आजूबाजूला पळू द्यायची नाही. सिलिकॉनच्या चिपवर हे साध्य झालेले आहे. चिपचा मधला भाग खरवडून केसाहूनही पातळ पडदा उरवायचा आणि त्यावर हीटर बसवायचा, ही ती पद्धत. असे हीटर पंधरा-वीस मिलिवॅटमध्ये तीनशे अंशांवर पोहोचतात. परंतु सिलिकॉन हा स्वतः उष्णतेचा चांगला वाहक असल्याने पडदा खरवडण्याची ही नाजूक कारागिरी टाळता येत नाही आणि त्यासाठी कोट्यवधींची धूळमुक्त दालने लागतात. लाखोंच्या संख्येने चिपा काढणाऱ्यालाच ते परवडते.

लवचिक फिल्मवर छापलेल्या हीटरचा विचार इथे पुढे येतो. पॉलिइमाइड नावाची, केशरट-तपकिरी रंगाची फिल्म इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्यांच्या परिचयाची आहे. ‘कॅप्टन’ टेप म्हणून ती ओळखली जाते. साधे पॉलिएस्टर सत्तर-ऐंशी अंशांपुढे मऊ पडू लागते, ही फिल्म मात्र तीनशे अंशांच्या आसपासची धगही सोसते. तिची उष्णतावहनक्षमता सिलिकॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. तव्याच्या लोखंडी पात्याला लाकडी दांडी लावल्यावर हाताला चटका बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. पंचवीस किंवा पन्नास मायक्रॉन जाडीच्या या फिल्मवर मिलिमीटरभर जागेत नागमोडी रेघ छापली आणि तीतून वीज सोडली, तर तेवढाच ठिपका तापतो. बोटभर अंतरावरची फिल्म जवळजवळ थंड राहते.

रेघ छापण्याचे तंत्रही परके नाही. लग्नपत्रिका, झेंडे, टी-शर्ट यांच्यासाठी गल्लोगल्ली चालणारे स्क्रीन प्रिंटिंग आणि कार्यालयातला इंकजेट प्रिंटर यांचीच ही सुधारित रूपे आहेत. शाईत रंगाऐवजी चांदीचे किंवा सोन्याचे नॅनोकण असतात. चांदीचा गोळा ९६२ अंशांना वितळतो. पण तिचे अतिसूक्ष्म कण दीडशे-दोनशे अंशांतच एकमेकांना जुळून अखंड रेघ तयार होते आणि फिल्मला इजा पोहोचत नाही. वरून टिन ऑक्साइडची शाई छापली की संवेदक तयार. फ्रान्समधील सेंत-एत्येन आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी सोन्याचा हीटर, सोन्याची विद्युतअग्रे आणि टिन ऑक्साइडचा थर असा संपूर्ण संवेदक प्लास्टिकच्या फिल्मवर इंकजेटने छापून दाखवला. ते काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

छापील हीटर विजेच्या काटकसरीत सिलिकॉनची बरोबरी करू लागले, असे म्हणणे धाडसाचे होईल. रेघेची रुंदी, ठिपक्याचा आकार आणि तापमान यांनुसार त्यांचा खर्च काही दहा मिलिवॅटपासून शंभराच्या पुढेपर्यंत जातो. हिशेबासाठी ८० मिलिवॅट धरू. तीच ३,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आता चौदा तासांऐवजी जवळपास सहा दिवस टिकेल. फिल्म पातळ असल्याने ठिपका झटकन तापतो आणि झटकन निवतो. त्यामुळे दर दहा सेकंदांतला एकच सेकंद हीटर चालवणे शक्य होते आणि सहा दिवसांचे दोन महिन्यांच्या जवळपास होतात. जोडीला तळहाताएवढे सौरपॅनल दिले तर चार्जिंगचा प्रश्नच मागे पडतो. चिनी मातीच्या जाड नळीला अशी उघडझाप मानवत नाही. तापता-निवतानाच तिचा वेळ जातो.

मुंबई, पुणे आणि नांदेड

महाराष्ट्रात या विषयाची पायाभरणी जुनी आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १९९० च्या दशकात टिन ऑक्साइडची पेस्ट स्क्रीन प्रिंटिंगने चिनी मातीच्या पट्टीवर छापून स्वयंपाकाच्या गॅसचे संवेदक तयार करण्यावर काम झाले. पुण्यातच पाषाण रस्त्यावर केंद्र सरकारच्या ‘सी-मेट’ या संस्थेची प्रयोगशाळा आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने छापण्यायोग्य धातूंच्या पेस्ट आणि चिनी मातीच्या बहुस्तरीय पट्ट्या यांत दीर्घकाळ संशोधन केले आहे. संवेदकाच्या छपाईसाठी लागणारी शाई परदेशातून आणायची की इथेच करायची, या प्रश्नाचे उत्तर अशा प्रयोगशाळांकडेच मागावे लागेल. कारण यंत्र स्वस्त आणि शाई सोन्याच्या भावाची, अशी स्थिती राहिली तर सारा खटाटोप व्यर्थ आहे.

कमी विजेचा हीटर शेतापर्यंत नेण्याचा महाराष्ट्रातला बोलका प्रयत्न मात्र वायूचा नव्हे, मातीतल्या ओलीचा आहे. पवई येथील आयआयटीच्या प्रा. मरियम शोजाई बघिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांसह विकसित केलेल्या, कमी खर्चाच्या आणि कमी विजेवर चालणाऱ्या ओलावामापकाचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन सुया जमिनीत खोचतात. एकीत हीटर असतो, दुसरीत तापमापक. पहिल्या सुईतून काही सेकंद उष्णता सोडायची आणि दुसरीचे तापमान किती वाढते ते पाहायचे. पाण्याला तापायला बरीच उष्णता लागते, म्हणून ओल्या मातीत ही वाढ कमी आणि कोरड्यात जास्त भरते. हा हीटर छापलेला नव्हता, आणि तो तीनशे अंशांवर तापवायचाही नव्हता. तरीही बॅटरीवर चालणाऱ्या संवेदकात विजेचा मोठा वाटा हीटरच खातो, हा धडा दोहोंत समान आहे. त्याच आयआयटीच्या उद्योगसंवर्धन केंद्रातून पुढे ‘प्रॉक्सिमल सॉइलसेन्स’ ही कंपनी उभी राहिली आणि ओलावा मोजणारी तिची उपकरणे २०१९ च्या सुमारास बाजारात आली. प्रयोगशाळेतले संशोधन शेतात येऊ शकते, याचे हे उदाहरण म्हणून नोंदवायला हवे. मात्र माहूर-किनवटकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सुई आणि माती यांच्यात हवेची फट राहिली की मोजमाप फसते. मराठवाड्यात येणाऱ्या कोणत्याही संवेदकाला अशा स्थानिक अडचणींना तोंड द्यावेच लागेल.

हीटरला फाटा देण्याच्या दृष्टीने स्वतः नांदेडमधील काम लक्षवेधी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील प्रा. राजाराम माने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरियातील संशोधकांसमवेत, सामान्य तापमानालाच रासायनिक द्रावणातून तयार केलेले बिस्मथ ऑक्साइडचे नॅनोसंवेदक कार्बन डायऑक्साइडला कसा प्रतिसाद देतात याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. जगभर एक प्रवाह हीटर लहान करण्याच्या मागे आहे आणि दुसरा हीटरच नको म्हणणारा आहे. दुसरा मार्ग आकर्षक असला तरी थंड संवेदकाचा प्रतिसाद बहुधा संथ असतो आणि दमट हवेत तो गडबडतो. विहिरीच्या तळाशी दमटपणा नसेल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

कंदिलाची जाळी

आता उत्साहाला थोडा आवर घालणे भाग आहे. टिन ऑक्साइडचा तापलेला संवेदक कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू चांगले ओळखतो. हवेतील प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांच्या खाली आला की धोक्याचा इशारा द्यावा असा संकेत आहे. ते मोजण्यासाठी मात्र वेगळा रासायनिक घट लागतो आणि तो दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो. जुन्या विहिरीत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबाबतही टिन ऑक्साइड जवळजवळ मुकाच असतो. उद्योगांत वापरले जाणारे चार वायूंचे मापक प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजतात. त्यांची किंमत दहा हजारांच्या पुढेच असते. त्यांतही ज्वलनशील वायू मोजणारा तापलेला मणीच बॅटरीचा मोठा हिस्सा खातो. छापील हीटर आला तर त्या मण्याची जागा स्वस्तात भरून निघू शकेल. उरलेल्या तीन कप्प्यांचा खर्च कायम राहील. ‘फिल्मवर छापलेला दहा रुपयांचा जीवरक्षक’ अशा जाहिराती उद्या दिसू लागल्या, तर हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरी अडचण ओळखीची आहे. टिन ऑक्साइडला वायू कळतो, त्याचे नाव कळत नाही. रेणुकामातेच्या गडावर नवरात्रात दरवळणारा ऊद-धूप, स्पिरिटची बाटली, गळका सिलिंडर आणि इंजिनाचा धूर, या सर्वांवर तो कमी-अधिक प्रमाणात तसाच ओरडतो. उगाच ओरडणारे यंत्र लोक दोन दिवसांत बंद करतात. लहान हीटरचा इथे एक जादा फायदा आहे. वेगवेगळे वायू वेगवेगळ्या तापमानांना अधिक तीव्रतेने कळत असल्याने ठिपक्याचे तापमान सेकंदागणिक वर-खाली करून मिळणाऱ्या आलेखावरून वायू ओळखण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण त्यासाठी हीटर नेमका किती तापला आहे हे खात्रीने माहीत हवे. सामान्यतः हीटरच्या रोधावरूनच त्याचे तापमान काढतात. चांदीची छापील रेघ सतत तापत राहिली की विजेच्या प्रवाहाबरोबर तिच्यातले अणू सरकतात, रेघ कुठे कुठे बारीक होते आणि रोध बदलतो. म्हणजे तापमापकच खोटे बोलू लागतो. सोने-प्लॅटिनमची रेघ अधिक टिकते, पण महाग पडते. पॉलिइमाइड पाणी शोषते, हा पावसाळ्यातला आणखी एक जाच.

तिसरी बाब सुरक्षिततेची, आणि ती फिरून कंदिलाकडेच नेते. हायड्रोजन सल्फाइड हवेत पुरेशा प्रमाणात मिसळलेला असेल तर सुमारे २६० अंशांवर ठिणगीविनाही पेटू शकतो आणि संवेदकाचा ठिपका तर तीनशे अंशांवर असतो. म्हणूनच बाजारातल्या ज्वलनशील वायूच्या संवेदकांवर पोलादी जाळीची टोपी असते. खाणीतल्या दिव्यासाठी हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये वापरलेलेच हे तत्त्व आहे. जाळी उष्णता शोषून घेते आणि आतली ज्योत बाहेर जाऊ देत नाही. फिल्मवर उघडा छापलेला हीटर कपड्याला चिकटवून टाकीत उतरणे म्हणजे नवा धोका विकत घेणे होय. त्यावरही जाळी हवी, आणि जाळी आली की लवचिकपणाचा बराचसा डौल जातो. स्फोटक वायूंच्या क्षेत्रात वापरायच्या विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे माहूरपासून फार दूर नाही. छापील संवेदकांसाठी सोपी, स्वस्त चाचणीपद्धत तिथे आखली गेली तर लहान उद्योजकांचा मार्ग बराच सुकर होईल.

घेणार कोण?

तंत्र परिपक्व झाले तरी ते विकत कोण घेणार, हा प्रश्न उरतोच. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. त्याखालील नियमांत गटार व टाकीत उतरणाऱ्यांना द्यावयाच्या साधनांच्या यादीत वायुमापकाचा समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंसाठीची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. त्याच वर्षी केंद्राची ‘नमस्ते’ योजना आली आणि सफाई कामगारांना सुरक्षासाधने देण्याचे काम तिच्याकडे आले. माहूरला नगरपंचायत आहे. नवरात्र, दत्तजयंती आणि राखीपौर्णिमेची परिक्रमा यांसाठी येणाऱ्या भाविकांमुळे इथल्या भक्तनिवासांच्या आणि लॉजच्या टाक्या वर्षातून अनेकदा उपसाव्या लागतात. त्या कामांना हे नियम लागू होतात.

मात्र भाऊचा तांडा येथील दुर्घटना आखाड्यावरच्या खासगी टाकीत घडली आणि वाकडीची जुन्या विहिरीत. विहीर खोदणारा, गाळ काढणारा, इंजिन उतरवणारा मजूर या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. त्याच्यासाठी वायुमापक घेण्याची जबाबदारी शेतकऱ्याची, यारीवाल्याची, ग्रामपंचायतीची की कोणाचीच नाही, हे कुठे लिहिलेले नाही. विहिरींना सरकारी अनुदान देताना अंदाजपत्रकात दगड, सिमेंट, मजुरी यांचे रकाने असतात. त्यांतच वायुतपासणी आणि हवा खेळती करणारा पंखा यांचा खर्च मान्य केला, तर निदान यारीवाल्यांकडे एक-एक मापक राहू शकेल. त्यासाठी छापील हीटरची वाट पाहण्याचे कारण नाही. चार वायूंचे मापक आज मिळते आणि एका तालुक्यात पाच-दहा पुरतील.

छापील संवेदकाची खरी चाचणी घ्यायची असेल तर त्याला माहूरसारखा तालुका सोयीचा आहे. चाळीस अंशांपुढचा उन्हाळा, पैनगंगेच्या खोऱ्यातला दमट पावसाळा, खडकात उतरलेल्या खोल विहिरी आणि यात्रेच्या गर्दीतल्या टाक्या, हे सारे एका तालुक्यात सापडते. नांदेडचे विद्यापीठ, पुण्याची प्रयोगशाळा आणि पवईची आयआयटी यांनी मिळून एक वर्षभर पन्नास ठिकाणी असे संवेदक टांगले, शेजारी प्रमाणित मापक ठेवला आणि कोणता कधी खोटे बोलला याची नोंद ठेवली, तर चांदीची रेघ किती महिने टिकते आणि जाळीची टोपी गाळाने किती दिवसांत बुजते, एवढे तरी कळेल. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत यारीवाल्याने कंदिलाबरोबर किमान एक गोष्ट करावी असे सुरक्षातज्ज्ञ सांगतात. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा, आणि तो कोसळला तर त्याला दोरानेच वर ओढावे. वाकडीच्या खड्ड्यातून जो एक जण जिवंत बाहेर आला, त्याच्या कमरेला दोर होता.